कोणाची आई, कोणाचं सिंहासन

२००६ साली डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोन पटकथालेखक लॉस एंजेलिसच्या एका रेस्टॉरंटात जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यासमोर बसले होते. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेवर त्यांना टीव्हीमालिका करायची होती. दुपारचं जेवण केव्हाच संपलं होतं, बोलणं काही संपेना. सिनेमावाले मार्टिन यांच्याकडे आधीही येऊन गेले होते आणि त्यांनी त्या सगळ्यांना वाटेला लावलं होतं. या दोघांना त्यांनी एकच प्रश्न घातला: जॉन स्नोची आई कोण? दोघांनी आपला अंदाज सांगितला. तो बरोबर निघाला, परवानगी मिळाली आणि एप्रिल २०११ मध्ये एचबीओवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ सुरू झाली.

या प्रश्नाचं उत्तर त्या दोघांनाच ठाऊक होतं असं मुळीच नाही. पहिली कादंबरी आली १९९६ साली. वर्षभरातच इंटरनेटवर गप्पा मारणाऱ्या वाचकांनी हे गणित सोडवलं होतं आणि ‘आर अधिक एल बरोबर जे’ असं त्याचं सूत्रही बनवलं होतं. आर म्हणजे रेगार, एल म्हणजे लायाना, जे म्हणजे जॉन. टीव्हीच्या पडद्यावर हे उघड झालं जून २०१६ मध्ये, सहाव्या पर्वाच्या अखेरच्या भागात. म्हणजे वाचक एकोणीस वर्षं आधी पोचले होते.

आता हेच वाचक-प्रेक्षक शेवटच्या पर्वात काय होईल, लोखंडी सिंहासनावर कोण बसेल, कोण कोणाला मारेल, याची भाकितं करायला बसले, तेव्हा बहुतेकांचा अंदाज साफ चुकला. तेच लोक, तीच चिकाटी, पुस्तकांची तीच झिजलेली पानं. मग एकीकडे एवढं यश आणि दुसरीकडे एवढी फजिती का? (ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही आणि पुढे पाहायची आहे, त्यांनी इथेच थांबलेलं बरं. पुढे सगळंच सांगून टाकणार आहे.)

आधी यशाचं बघू. वेस्टेरॉस नावाच्या खंडावर टारगेरियन घराण्याचं राज्य होतं. राजा एरिस वेडा झाला होता. त्याचा मुलगा रेगार याने लायाना स्टार्क हिला पळवून नेलं, अशी सर्वांची समजूत. लायानाचं लग्न रॉबर्ट बरॅथियनशी ठरलेलं. त्यावरून बंड झालं, रेगार रणात पडला, एरिस मारला गेला, रॉबर्ट गादीवर आला. लायानाचा भाऊ नेड स्टार्क युद्धावरून घरी परतला तो एक तान्हं मूल घेऊन. हे आपलं अनौरस पोर, एवढंच त्याने बायकोला सांगितलं. तोच जॉन स्नो. मूळ कथा सुरू होते तेव्हा हे सगळं होऊन पंधरा-एक वर्षं झालेली आहेत.

खुणा कुठे आहेत? पहिली खूण नेडच्या स्वभावात. दिलेल्या शब्दासाठी जीव देईल असा हा माणूस. नव्या नवरीला घरी ठेवून युद्धात दुसऱ्या बाईशी संबंध ठेवेल, हे त्याच्या चित्रात बसतच नाही. बायकोशी बोलतानाही तो जॉनशी रक्ताचं नातं असल्याचं म्हणतो. भाच्याशीही रक्ताचंच नातं असतं. दुसरी खूण त्याच्या तापातल्या स्वप्नात. दक्षिणेतल्या एका ओसाड मनोऱ्याखाली राजरक्षक दलातले तीन सर्वोत्तम योद्धे उभे आहेत. राजा मेला, युवराज मेला, युद्ध हरलं, तरी राजाच्या रक्षणाची शपथ घेतलेले हे तिघे एका बाईला कोंडून ठेवण्यासाठी मरायला तयार का होतात? आत राजरक्ताचं कुणी असेल तरच त्यांचं तिथे असणं सयुक्तिक ठरतं. तिसरी खूण लायानाच्या मरणाची. ती रक्ताने माखलेल्या अंथरुणावर मरते आणि भावाकडून वचन घेते. कसलं वचन, ते लेखक सांगत नाही. त्याच प्रकारचे शब्द पुस्तकात दुसरीकडे बाळंतपणासाठी येतात.

आणि निळे गुलाब. हॅरनहॉलच्या स्पर्धेत जिंकल्यावर रेगार आपल्या बायकोच्या समोरून घोडा पुढे काढतो आणि निळ्या गुलाबांचा मुकुट लायानाच्या मांडीवर ठेवतो. दुसऱ्या कादंबरीत एरिसची मुलगी डनेरिस हिला एक दृश्य दिसतं: बर्फाच्या भिंतीत निळं फूल उमललं आहे, हवेत गोड वास भरला आहे. बर्फाच्या भिंतीवर त्या वेळी पहारा देत असतो जॉन स्नो. इतकं पुरे आहे. खरं तर पुरून उरेल इतकं आहे.

या अंदाजाचा प्रकार नीट पाहण्यासारखा आहे. याला आपण भाकीत म्हणतो, पण त्यात भविष्याचा भाग नाही. जॉनचा जन्म ही कथा सुरू होण्याआधीच घडून गेलेली गोष्ट. लेखकाला तिचं उत्तर पहिल्या पानापासून माहीत होतं आणि ते माहीत असल्यामुळेच त्याला खुणा पेरता आल्या. शब्दकोड्यात असतं तसं हे: उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि पुढच्या अंकात छापून यायचं असतं. चिकाटीने बसणारा माणूस ते सोडवतोच.

हा खेळ नवा नाही. १८४१ मध्ये चार्ल्स डिकन्सची ‘बार्नबी रज’ क्रमशः प्रसिद्ध होत होती. कादंबरीत एक जुना खून आहे. तिकडे फिलाडेल्फियात एडगर अ‍ॅलन पोने पहिली काही प्रकरणं वाचूनच १ मेच्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये परीक्षण लिहिलं आणि खुनी कोण ते सांगून टाकलं: मेला असं सगळे समजतात तो कारभारी रजच खुनी आहे, आणि सापडलेलं प्रेत त्याचं नसून माळ्याचं आहे. हे अगदी बरोबर निघालं. त्याच परीक्षणात पोने असंही सांगितलं होतं, की या खुनामागे मयताच्या भावाची फूस असणार. ते मात्र चुकलं. पुढच्या वर्षी पूर्ण कादंबरीवर लिहिताना त्याने आपलं बरोबर आलेलं भाकीत आवर्जून आठवून दिलं आणि डिकन्सने रहस्याचा धागा नीट सांभाळला नाही म्हणून कुरकुरही केली. चाहत्यांच्या सिद्धान्तांचा सगळा स्वभाव या एका माणसात आधीच उतरला होता, असं मला वाटतं. बरोबर आलेलं मिरवायचं आणि चुकलेल्याचा दोष लेखकाला द्यायचा.

डिकन्स १८७० मध्ये गेला तेव्हा ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’चे बारांपैकी सहाच हप्ते झाले होते. ड्रूडचं काय झालं यावर इंग्लंडात पुढे इतकं लिहिलं गेलं, की १९१४ साली लंडनमध्ये संशयित जॉन जास्परवर चक्क लुटुपुटीचा खटला चालला. न्यायाधीश होते जी. के. चेस्टर्टन आणि ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ. शॉ यांनी सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला आणि चेस्टर्टन यांनी स्वतःला वगळून हजर असलेल्या सगळ्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीचं करायला यापेक्षा शहाणपणाचं काही मला सुचत नाही.

मार्टिन यांच्यापुढे उलटी अडचण होती. ते जिवंत होते, पुस्तकं लिहायची बाकी होती आणि वाचक उत्तरापाशी येऊन बसले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये एडिंबराच्या साहित्यमेळ्यात त्यांनी कबूल केलं, की एक-दोन वाचकांनी बारीकसारीक खुणा जुळवून शेवट बरोबर ओळखला आहे. मग शेवट बदलायचा का, असा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला होता. त्यांनी ठरवलं, की बदलायचा नाही. एका वाचकाला चकवण्यासाठी उत्तर बदललं, तर आधीच्या पुस्तकांत पेरलेल्या खुणा खोट्या ठरतील आणि ज्यांना काहीच कळलेलं नाही अशा हजारोंची फसवणूक होईल. चाहत्यांच्या चर्चा वाचणंच त्यांनी सोडून दिलं होतं. शेवट न बदलण्याचा त्यांचा निर्णय मला प्रामाणिक वाटतो.

अर्थात जुनी गुपितंही सगळीच ओळखली गेली असं नाही. होडोर या अजस्र नोकराला एकच शब्द का बोलता येतो, हे मे २०१६ मध्ये कळलं तेव्हा प्रेक्षक हादरून गेले. मागे जाऊन पाहिलं तर त्याला पुरेशा खुणाच नव्हत्या. आणि जॉन स्नोच्या पुनर्जन्माचा अंदाज? जून २०१५ मध्ये पाचव्या पर्वाच्या शेवटी त्याला भोसकून मारलं. तो परत येणार, हे सगळं जग म्हणत होतं. पण तो अंदाज कथेतून जितका आला, तितकाच कथेच्या बाहेरून आला. लाल जादूगारीण मेलिसांड्रे नेमकी त्याच किल्ल्यात आली आहे आणि तिच्या देवाच्या कृपेने बेरिक पुन्हा पुन्हा जिवंत झालेला आपण पाहिला आहे, हा झाला कथेतला पुरावा. नट किट हॅरिंग्टन अजून केस का कापत नाही आणि चित्रीकरणाच्या दिवसांत बेलफास्टमध्ये का दिसतो, हा झाला बाहेरचा. हेरगिरीला सिद्धान्त म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता फजितीकडे वळू. शेवटचं पर्व १४ एप्रिल २०१९ रोजी सुरू झालं. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला भाग लागायचा, त्याच वेळी तो भारतात हॉटस्टारवर यायचा आणि आपल्याकडे तेव्हा सोमवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असायचे. मुंबई-पुण्यातली कितीतरी तरुण मंडळी ऑफिसला जाण्याआधी भाग संपवून निघायची, नाहीतर लोकलमध्ये कानावर हात ठेवून प्रवास करायची. त्या दिवसांत भाकितांना नुसता ऊत आला होता. जॉन आणि डनेरिस लग्न करून राज्य करतील. राणी सर्सीचा गळा तिचा भाऊ जेमी दाबेल. नेडचा मुलगा ब्रॅन हाच नाइट किंग आहे. टिरियन हा खरं तर टारगेरियन आहे. भविष्यवाणीतला तारणहार जॉन असेल आणि नाइट किंगशी त्याचं द्वंद्वयुद्ध होईल.

यातल्या प्रत्येक भाकितामागे अभ्यास होता, नुसती हवा नव्हती. सर्सीचंच घ्या. लहानपणी एका जोगिणीने तिला सांगितलेलं असतं, की धाकटा भाऊ तुझा गळा आवळून जीव घेईल. सर्सी जन्मभर टिरियनला घाबरून असते. वाचकांनी मात्र हेरलं, की जुळा भाऊ जेमी हाही तिच्यानंतर काही क्षणांनी जन्मलेला, म्हणजे धाकटाच. सुंदर तर्क आहे. अडचण एवढीच, की मालिकेने पाचव्या पर्वात जोगिणीचा प्रसंग दाखवला तेव्हा भावाबद्दलचं वाक्य त्यातून गाळून टाकलं होतं. पडद्यावर जे कधी बोललंच गेलं नाही, त्याच्या जोरावर पडद्यावरचं मरण ठरवलं जात होतं. प्रत्यक्षात सर्सी आणि जेमी एकमेकांच्या मिठीत, कोसळत्या राजवाड्याच्या दगडविटांखाली मेले.

नाइट किंगच्या बाबतीतही हेच. मालिकेतला हा बर्फाळ खलनायक मार्टिन यांच्या प्रकाशित पुस्तकांत या रूपात नाहीच. तरीही पुस्तकांतल्या अझोर अहाई या तारणहाराच्या भविष्यवाण्या, जळती तलवार आणि बायकोचा बळी हे सगळं त्याच्या वधाशी जोडलं गेलं. २८ एप्रिलच्या भागात नेडची मुलगी आर्या हिने अंधारातून झेप घेतली आणि खंजिराच्या एका घावात तो संपवला. जॉन तेव्हा एका मेलेल्या ड्रॅगनवर ओरडत उभा होता. पुस्तक आणि मालिका हा एकच मजकूर आहे असं धरून चाहते दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र वाचत होते. खुणा एका गोष्टीतल्या आणि उत्तर दुसऱ्या गोष्टीत शोधायचं, तर गफलत होणारच.

माणसांना जमलं नाही, मग संगणकाला जमेल का? म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी गाय यख्दाव यांच्या मार्गदर्शनाखाली हा प्रयोग केला. कोणतं पात्र मरेल याची शक्यता मोजणारी प्रणाली त्यांनी बनवली. पात्राचं घराणं, वय, लग्न, नातेवाइकांत किती जण मेले, असल्या गोष्टी त्यात भरायच्या. २०१६ मध्ये पुस्तकांतल्या माहितीवरून तिने पोरसवदा राजा टॉमेनच्या मृत्यूची शक्यता ९७ टक्के सांगितली आणि त्याच वर्षी मालिकेत टॉमेनने खिडकीतून उडी मारली. वाहवा झाली. २०१९ मध्ये सुधारित हिशेब आला: डनेरिस जगण्याची शक्यता ९९ टक्के, सर्वांत जास्त धोका भाडोत्री तलवारबाज ब्रॉनला, नेडची थोरली मुलगी सान्साही धोक्यात. प्रत्यक्षात डनेरिस मेली, ब्रॉन मंत्री झाला आणि सान्सा उत्तरेची राणी. मौज पुढेच आहे. २०१६ च्या यादीत याच प्रकल्पाने डनेरिसच्या मृत्यूची शक्यता ९५ टक्के दिली होती. तीन वर्षं थांबून, जास्त माहिती भरून, उत्तर आणखी चुकलं.

त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आधीची मरणं मोजून पुढचं मरण सांगायचं, तर मरणांत काही नियम हवा. २०२० मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात गणिती, भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या एका गटाने या कादंबऱ्यांचा अभ्यास छापला. मैत्रीच्या वर्तुळाची दीडशेची मर्यादा सांगणारे रॉबिन डनबारही त्यात होते. दोन हजारांवर पात्रं आणि त्यांच्यातले एकेचाळीस हजारांवर संबंध त्यांनी नोंदवले. त्यात आढळलं ते असं: पुस्तकात प्रकरणं ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने पाहिलं, तर महत्त्वाची मरणं कुठेही, कसलाही अंदाज न लागू देता येतात. त्याच घटना कथेतल्या कालक्रमाने, तारखेवार मांडल्या, तर त्यांच्यामधली अंतरं खऱ्या जगातल्या मानवी घडामोडींसारखी दिसतात. म्हणजे मार्टिन यांचं जग नैसर्गिक आहे आणि सांगण्याची रीत मुद्दाम चकवणारी. चकवा नेमका सांगण्याच्या क्रमात बसवलेला आहे आणि वाचकाला तर तोच क्रम मिळतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, पुढचं लेखकालाही माहीत नव्हतं. मार्टिन लेखकांचे दोन प्रकार सांगतात: आराखडा काढून बांधणारे आणि बी पेरून काय उगवतं ते पाहणारे. स्वतःला ते दुसऱ्या प्रकारात घालतात. याचा पुरावा योगायोगाने बाहेर आला. १९९३ साली त्यांनी आपल्या एजंटला तीन पानांचं पत्र लिहून सगळी कथा थोडक्यात सांगितली होती. २०१५ मध्ये त्याची छायाचित्रं फुटली. त्यात ही फक्त तीन पुस्तकांची कथा आहे. जॉन आणि आर्या एकमेकांच्या प्रेमात पडतात. टिरियन, डनेरिस, जॉन, आर्या आणि ब्रॅन ही पाच पात्रं शेवटपर्यंत टिकणार. त्यातलं काय राहिलं आणि काय वाहून गेलं, ते वाचकांना ठाऊकच आहे. तिसऱ्या पुस्तकानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायची, असंही त्यांच्या मनात होतं, तेही त्यांनी लिहिता लिहिता सोडून दिलं. सहावं पुस्तक ‘द विंड्स ऑफ विंटर’ अजून आलेलं नाही. पाचवं आलं होतं २०११ मध्ये. ज्या शेवटाकडे जाणारा रस्ता लेखकाच्याच हातून अजून पडलेला नाही, त्याचा नकाशा वाचक कुठून काढणार?

तरीही दोन-चार टोकं लेखकाने पक्की धरली होती. २०१३ मध्ये बेनिऑफ आणि वाइस सँटा फेला मार्टिन यांच्या घरी गेले आणि शेवटाबद्दल जेवढं कळेल तेवढं विचारून आले. ब्रॅन राजा होतो, हे मार्टिन यांच्याकडूनच आलं, असं ब्रॅनचं काम करणाऱ्या आयझॅक हेम्पस्टेड राइटने नंतर सांगितलं. शेवटच्या भागाची संहिता वाचताना आपली कुणी थट्टा करतंय, असंच त्याला आधी वाटलं होतं. म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्यालाही राजाचा अंदाज आला नव्हता. गंमत अशी, की शेवटचं पर्व सुरू होण्याआधी सट्टा घेणाऱ्या पेढ्यांच्या भावात ब्रॅनच आघाडीवर होता. पेढीवाले कादंबऱ्यांतल्या गुलाबांचा अभ्यास करत नाहीत, पैसा कुठे लागतोय ते पाहतात. आणि ज्याच्या कानावर आतली खबर आली आहे, तोच मोठी रक्कम लावतो.

खबर फुटण्यात आपल्या मुंबईचाही हात लागला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्या पर्वाचा चौथा भाग प्रक्षेपणाच्या आधीच इंटरनेटवर आला आणि त्यावर स्टार इंडियाचं चिन्ह दिसत होतं. पोलिसांनी त्या प्रकरणी चौघांना अटक केली. संगणकाची माहिती सांभाळणाऱ्या मुंबईतल्या एका कंपनीशी त्यांचा संबंध होता. जगभर लोक तर्क लढवत बसले असताना उत्तर फाइलच्या रूपात फिरत होतं.

भाकितं चुकण्याचं आणखी एक कारण आहे आणि चाहते ते सहसा मान्य करत नाहीत. २०१९ पर्यंत बरीचशी भाकितं म्हणजे नुसत्या इच्छा होत्या. पहिल्या पर्वात नेड स्टार्कचं डोकं उडवून आणि २ जून २०१३ च्या भागात भर लग्नात त्याचा मुलगा रॉब आणि बायको कॅटलिन यांचा जीव घेऊन या मालिकेने इच्छेला इथे किंमत नाही, हे बजावलं होतं. प्रेक्षकांनी त्यातून एक उलटा नियम काढला: जो आवडतो तो मरतो. विंटरफेलच्या लढाईआधी सगळे आपापल्या लाडक्या पात्रांचा निरोप घेऊन बसले होते. थिऑन, जोरा, बेरिक, मेलिसांड्रे गेले, पण पहिल्या फळीतलं कुणीही मेलं नाही, आणि प्रेक्षक चिडले! मग डनेरिस शरण आलेल्या शहरावर आग ओकत फिरली, तेव्हा तर त्याहून चिडले. वाचकांनी मुलींची नावं डनेरिस ठेवली होती.

तिचं वेडाकडे जाणं ओळखणारे मात्र होते आणि बरेच होते. २०१२ मध्ये, दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, तिला एक आभास होतो. छत कोसळलेलं राजदालन, वरून पांढरं काहीतरी पडतंय, ती सिंहासनाकडे हात नेते आणि न शिवताच मागे फिरते. ते पांढरं म्हणजे बर्फ नसून राख आहे, असं काही जण सात वर्षं म्हणत होते. १९ मे २०१९ च्या अखेरच्या भागात अगदी तेच दालन आलं, अगदी तीच राख. तिने सिंहासनाला हात लावला आणि थोड्याच वेळात जॉनने तिला मारलं. भाकीत बरोबर आलं, आणि भाकीत करणाऱ्यांनाही त्याचा आनंद झाला नाही. पहिली सहा पर्वं प्रत्येकी दहा भागांची, सातवं सात भागांचं, आठवं सहाचं. ज्या बदलाला पुस्तकाची शेकडो पानं लागली असती, तो दोन-तीन भागांत उरकला. तिथे कसं पोचायचं, ते दाखवायचं राहून गेलं. आठवं पर्व पुन्हा करा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर अठरा लाखांहून अधिक सह्या पडल्या. असले अर्ज काही निर्मात्याला हलवत नसतात, पण रागाचं माप म्हणून आकडा लक्षात राहतो.

राग ओसरल्यावर आठवणीही सोयीने बदलल्या. ‘मला आधीच माहीत होतं’ असं म्हणणारे अचानक फार झाले. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं, की घटनेचा शेवट कळला की माणसाला तो शेवट आधीपासूनच संभाव्य होता असं वाटू लागतं आणि आपल्या मतात हा बदल झाला, याचा त्याला पत्ताही लागत नाही. शिवाय हजारो सिद्धान्त फेकले की दोन-चार निशाणावर लागणारच. क्लिगेन भावांची झुंज, ड्रॅगनच्या आगीत वितळणारं सिंहासन, हे काहींनी आधी लिहून ठेवलेलं होतं. त्यांची नावं निघतात. टिरियनला टारगेरियन करून ठेवणारे मोठमोठे निबंध मात्र आता कुणी वर काढत नाही.

पुढची मालिका ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ २०२२ मध्ये आली, तेव्हा वाटलं होतं आता भाकितांचा धंदा बसणार. कारण ती ज्यावर बेतली आहे ते ‘फायर अँड ब्लड’ २०१८ पासून छापून बाजारात आहे. कोण मरतं, कसं मरतं, शेवटी गादी कोणाकडे जाते, सगळं त्यात आहे. धंदा बसला नाही, त्याने दिशा बदलली. हे पुस्तक इतिहासाच्या बाण्याने लिहिलेलं आहे: एक धर्मगुरू एक सांगतो, दरबारातला विदूषक मश्रूम त्याच्या उलट आणि चावट काहीतरी सांगतो, पंडित तिसरंच सांगतो. मग वाचक पुन्हा आपल्या आवडत्या कामाला लागले: खोटं कोण बोलतंय? राजपुत्र एमंडने भाच्याला ड्रॅगनकरवी मारलं ते ठरवून, की ड्रॅगन हाताबाहेर गेला म्हणून? मालिकेने दुसरी बाजू घेतली आणि त्यावरही भांडणं झाली.

भाकीत करणाऱ्यांच्या रांगेत त्यानंतर एक अनपेक्षित माणूस येऊन बसला. मालिकेने एका लहान राजपुत्राला, मेलॉरला, कथेतून काढून टाकलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये एका चाहत्याच्या तिरमिरीत कुणीतरी आपल्या संकेतस्थळावर लिहिलं, की हा पोरगा काढला तर पुढे त्याच्या आईच्या मरणाला कारणच उरणार नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या पर्वात ठरत असलेले बदल केले तर याहून वाईट होईल. काही तासांत तो मजकूर काढून टाकला गेला. लिहिणारे होते जॉर्ज आर. आर. मार्टिन.